क्वेरी चालली, आकडा खरा आहे का?

तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पंजाबी, सिंधी अशा जातींची जनावरे घेऊन राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशापासूनचे व्यापारी येतात. खरेदी-विक्रीची नोंद शहादा कृषी उत्पन्न बाजार समितीकडे होते. यात्रा रंगात आली की वर्तमानपत्रांत रोजचे आकडे येऊ लागतात: आजवर इतके घोडे विकले गेले, इतक्या कोटींची उलाढाल झाली.

असा आकडा वाचायला दोन सेकंद लागतात. तो तयार होताना मात्र पावतीपुस्तक, एन्ट्री करणारा ऑपरेटर, संगणकातले टेबल, त्यावर लिहिलेली क्वेरी, म्हणजे टेबलातून उत्तर काढणारी आज्ञा, आणि शेवटी गोषवारा एवढा प्रवास होतो. बाजार समिती, साखर कारखाना, पतसंस्था, पंचायत समिती, शाळा, दवाखाना, कुठेही हेच चालते. या प्रवासात क्वेरी ही अशी जागा आहे की तिथली चूक पुढे कुणालाच दिसत नाही. म्हणून ती तिथेच पकडावी लागते. हे कसे करावे, ते सारंगखेड्याच्या यात्रेच्या आधाराने पाहता येईल. इथून पुढे येणाऱ्या यात्रेच्या नोंदी समजावण्यासाठी रचलेल्या आहेत, कोणत्याही कार्यालयाच्या दप्तरातल्या नाहीत; तारखा, गावे आणि योजना मात्र खऱ्या आहेत.

सुरुवात तारखेपासूनच करू. २०२५ साली दत्तजयंती ४ डिसेंबरला होती. ऑपरेटरने तारीख आपल्या सवयीप्रमाणे ०४/१२/२०२५ अशी भरली. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची, म्हणजे आधी महिना मग दिवस अशी असेल, तर त्याच्या लेखी ही तारीख १२ एप्रिल झाली. ५ डिसेंबर १२ मे झाली, ६ डिसेंबर १२ जून, आणि असे करत ११ डिसेंबर १२ नोव्हेंबरला जाऊन बसली. १२ डिसेंबर तेवढी बरोबर राहिली, कारण दिवस आणि महिना सारखेच. तेराव्या तारखेला गाडी अडली, कारण तेरावा महिना नसतो.

आता गंमत अशी की या पहिल्या नऊ दिवसांची आर्थिक वर्षाची बेरीज अगदी बरोबर येते. १२ एप्रिल काय आणि ४ डिसेंबर काय, दोन्ही २०२५-२६ मध्येच पडतात. चूक असते ती महिन्याच्या गोषवाऱ्यात. डिसेंबरची उलाढाल कमी दिसते आणि यात्रा नसलेल्या एप्रिल-मे महिन्यांत घोडे विकलेले दिसतात. २०२३ मध्ये दत्तजयंती २६ डिसेंबरला आणि २०२४ मध्ये १४ डिसेंबरला होती. त्या दोन्ही वर्षी हीच मांडणी पहिल्याच नोंदीला अडली असती आणि चूक तासाभरात सापडली असती. २०२५ मध्ये ती निमूट चालली असती.

क्वेरीच्या चुकांची सगळी गोष्ट या उदाहरणात आली. काही चुका काम थांबवतात, लाल अक्षरात संदेश देतात, चिडचिड करायला लावतात. त्या बिचाऱ्या निरुपद्रवी. दुसऱ्या प्रकारच्या चुका काम पूर्ण करतात, रकाने भरतात, बेरीज दाखवतात आणि साहेबांच्या सहीपर्यंत पोहोचतात. अहवाल करणाऱ्याचे निम्मे कौशल्य या दुसऱ्या प्रकारच्या चुकांना पहिल्या प्रकारात ढकलण्यात आहे. म्हणजे जे निमूट चालते, त्याला अडायला लावायचे.

तारखेसाठी उपाय सोपा आहे. टेबलातला रकाना मजकुराचा न ठेवता तारखेचाच ठेवावा आणि बाहेरून येणाऱ्या फाइलमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने मागावी. २०२५-१२-०४ असे लिहिले की दोन अर्थ निघत नाहीत. त्यानंतर कोणताही गोषवारा काढण्याआधी एक छोटी क्वेरी चालवावी: सर्वांत जुनी तारीख कोणती, सर्वांत नवी कोणती, आणि महिन्यागणिक नोंदी किती. यात्रेच्या टेबलात एप्रिल दिसला की पुढचे काम बंद. एक्सेलमध्ये तर डोळ्यांनाही खूण सापडते. तिथे खरी तारीख उजवीकडे चिकटते आणि न समजलेली तारीख मजकूर म्हणून डावीकडे राहते. रकाना असा दोन्हीकडे सरकलेला दिसला, तर त्यात दोन प्रकारच्या नोंदी मिसळल्या आहेत हे नक्की.

वेळेचेही असेच आहे. ‘१ डिसेंबर ते ३१ डिसेंबर’ अशी अट घातली आणि रकान्यात तारखेसोबत वेळही असेल, तर ३१ डिसेंबर याचा अर्थ त्या दिवशीची मध्यरात्र शून्य वाजता असा घेतला जातो. ३१ तारखेचा अख्खा दिवस गळतो. अट ‘१ डिसेंबरपासून पुढे आणि १ जानेवारीच्या आधी’ अशी लिहावी. शिवाय सर्व्हरवरची वेळ जागतिक वेळेत साठवलेली असेल, तर ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते. पहाटे साडेपाचच्या आत झालेली प्रत्येक नोंद आदल्या दिवशी जाते. जनावरांच्या बाजारात पहाटेच सौदे होतात, दूध डेअरीचे संकलन पहाटेच होते. अशा ठिकाणी रोजचा आकडा आणि पावतीपुस्तक कधीच जुळत नाहीत, आणि दोष उगाच ऑपरेटरवर येतो.

अडणाऱ्या चुकांबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्या निरुपद्रवी असल्या तरी वेळ खातात. मार्चअखेरचा अहवाल एका क्वेरीचा नसतो. वीस-पंचवीस क्वेरी एकामागून एक चालतात आणि सतरावी अडली तर कळते, की कुणीतरी रकान्याचे नाव बदलले आहे. रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि सकाळी अकराला बैठक. हे टाळण्यासाठी आदल्या आठवड्यातच सगळ्या क्वेरींपुढे ‘एक्स्प्लेन’ लावून त्या एकदा चालवाव्यात. एक्स्प्लेन प्रत्यक्ष आकडे काढत नाही. क्वेरी कशी चालवायची याचा आराखडा तेवढा बनवते. पण टेबल नाही, रकाना नाही, कंस चुकला, परवानगी नाही, अशा चुका ती काही क्षणांत सांगते. शून्याने भागणे किंवा तारखेच्या रकान्यात भलताच मजकूर येणे अशा चुका तिला कळत नाहीत. त्या प्रत्यक्ष नोंदींवरच उघड होतात. त्यासाठी महिन्याभराच्या नोंदी घेऊन खरी चाचणी करावी.

इथे एक सापळा आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ‘पीएसक्यूएल’मधून क्वेरींची फाइल चालवली, तर एक क्वेरी अडली तरी तो पुढच्या क्वेरी चालवत राहतो, ‘ऑन एरर स्टॉप’ सुरू केले तरच थांबतो. काही ठिकाणी प्रोग्रॅम लिहिणारा आणखी पुढे जातो. चूक आली तर ती गिळायची आणि रकान्यात शून्य छापायचे, म्हणजे अहवाल ‘व्यवस्थित’ निघतो. हा प्रकार तातडीने बंद करायला हवा. सतरावी क्वेरी अडली, तर अहवाल निघूच नये आणि कोणत्या क्वेरीत काय अडले ते ठळक दिसावे. अर्धा अहवाल उशिरा आलेल्या अहवालापेक्षा वाईट.

सरकारी कार्यालयांत एक जुनी शिस्त आहे. एखाद्या गावात एकही प्रकरण नसेल, तर तिथून ‘निरंक’ अहवाल येतो. अहवालच आला नसेल, तर ‘अप्राप्त’ लिहितात. दोन्हींचा अर्थ सर्वस्वी वेगळा आणि कोणताही अनुभवी कारकून ते एकमेकांत मिसळणार नाही. डेटाबेसमधले शून्य आणि ‘नल’ यांच्यात हाच फरक आहे, पण संगणकापुढे बसल्यावर तो विसरला जातो. समजा चार घोडे विकले गेले: एक लाखाला, दीड लाखाला, दोन लाखांना, आणि चौथ्याची किंमत भरायची राहिली. रकाना नल असेल, तर सरासरी तिघांची निघते, दीड लाख. ऑपरेटरने रिकामी जागा नको म्हणून शून्य टाकले असेल, तर सरासरी एक लाख साडेबारा हजारांवर येते. दोन्ही वेळा क्वेरी तीच. म्हणून सरासरीशेजारी दोन संख्या नेहमी छापाव्यात: एकूण नोंदी किती आणि किंमत भरलेल्या नोंदी किती. ‘काउंट’मध्ये तारा लावला तर सगळ्या ओळी मोजल्या जातात, रकान्याचे नाव लिहिले तर नल सोडून मोजल्या जातात. या दोन आकड्यांतली तफावत हीच धोक्याची खूण.

नलचा सर्वांत घातक फटका ‘नॉट इन’मध्ये बसतो. यात्रेत नोंदणी झालेल्या घोड्यांपैकी विकले न गेलेले कोणते, हे काढायचे आहे. नोंदणीच्या टेबलातून विक्रीच्या टेबलात नसलेले क्रमांक मागवले. विक्रीच्या एकाच नोंदीत घोड्याचा क्रमांक नल राहिला असेल, तरी उत्तर येते शून्य ओळी. संगणकाचे तर्कशास्त्र असे, की तो न दिलेला क्रमांक नेमका हाच असू शकतो, त्यामुळे कुणाबद्दलच खात्रीने ‘नाही’ म्हणता येत नाही. कागदावर मात्र बातमी तयार होते, की सगळेच्या सगळे घोडे विकले गेले. अशा ठिकाणी ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरावे, आणि कोणत्याही क्वेरीने शून्य ओळी दिल्या तर तो आनंदाचा विषय न मानता संशयाचा मानावा.

दोन टेबले जोडणाऱ्या जॉइनमध्ये आकडे फुगतात तसे गळतातही. फुगण्याचे उदाहरण रोजचे आहे. एक घोडा दोन लाखांना विकला. त्या सौद्याच्या दोन पावत्या फाटल्या, एक बाजार फीची आणि एक दुसऱ्या कसल्या शुल्काची. विक्रीचे टेबल पावत्यांच्या टेबलाला जोडले की ती विक्री दोन ओळींत दिसते आणि उलाढालीत चार लाख धरले जातात. काही जण यावर ‘डिस्टिंक्ट’चा उतारा काढतात. तो उतारा चुकीचा, कारण मग दोन वेगळे घोडे योगायोगाने एकाच किमतीला गेले असतील, तर त्यातला एक गायब होतो. पावत्यांची बेरीज आधी सौद्यागणिक करून घ्यावी आणि मग ती एक ओळ विक्रीला जोडावी. आणि पारख म्हणून जोडण्याआधी विक्रीच्या ओळी किती होत्या, जोडल्यावर किती झाल्या, हे प्रत्येक वेळी पाहावे. एकाला एक जोडणी असेल तर दोन्ही आकडे सारखे यायलाच हवेत.

गळतीचे उदाहरण नंदुरबार जिल्ह्यातच आहे. जिल्ह्यात सहा तालुके: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. या सहाव्या तालुक्याचे मुख्यालय धडगाव, आणि लोक तालुक्यालाही धडगावच म्हणतात. एका टेबलात अक्राणी, दुसऱ्यात धडगाव आणि जॉइन नावावर, एवढे झाले की सातपुड्यातला अख्खा तालुका गोषवाऱ्यातून बाहेर. संदेश येत नाही. पाच तालुक्यांची नीटनेटकी यादी छापून येते आणि बेरीजही जुळते, कारण ती पाचांचीच असते. कुपोषणाचा, रेशनचा किंवा शिष्यवृत्तीचा अहवाल असेल, तर या एका गळतीची किंमत कुणाला मोजावी लागेल, ते वेगळे सांगायला नको.

यावर पहिला पहारा म्हणजे ओळी मोजणे. नंदुरबारच्या तालुकावार अहवालात सहा ओळी असल्याच पाहिजेत. राज्याच्या जिल्हावार अहवालात आज छत्तीस, पण २०११ च्या जनगणनेशी तुलना असेल तर पस्तीस, कारण पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. नंदुरबार स्वतः १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या शहाद्याच्या नोंदी धुळ्याखाली सापडतील. दुसरा पहारा म्हणजे नावावर जॉइन न करणे. गावे, तालुके, जिल्ह्यांना केंद्र सरकारच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’त क्रमांक दिलेले आहेत, जोडणी त्या क्रमांकावर करावी. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर. नावे बदलतात आणि ज्या अहवालांची जोडणी नावावर असते, ते त्या दिवसापासून गळू लागतात. लेफ्ट जॉइन वापरून न जुळलेल्या ओळी वेगळ्या काढून पाहाव्यात. मात्र उजवीकडच्या टेबलाच्या रकान्यावर ‘व्हेअर’मध्ये अट घातली, तर तोच लेफ्ट जॉइन गुपचूप साधा जॉइन होतो आणि न जुळलेल्या ओळी पुन्हा गळतात. ती अट ‘ऑन’मध्ये लिहायची असते.

मराठीत डेटा भरणाऱ्यांना आणखी एका ठिकाणी फार जपावे लागते. घोड्यांचे रंग पाहा: नुकरा आणि नुक्रा, अबलख आणि अबलक. ‘ग्रुप बाय’ला हे चार रंग वाटतात. हे निदान डोळ्यांना दिसते तरी. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातला ‘ऱ्य’ मात्र संगणकात दोन पद्धतींनी टंकता येतो. एका पद्धतीत नुक्ता असलेला ‘ऱ’ असतो, दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’ आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात आणि संगणकाच्या लेखी ते भिन्न असतात. हजारदा पाहूनही चूक सापडत नाही. शब्दाची लांबी मोजणारी क्वेरी चालवली की सारख्या दिसणाऱ्या दोन शब्दांच्या लांब्या वेगळ्या येतात आणि भांडे फुटते. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही अशीच पकडता येते. रंग, जात, गाव, योजना अशा गोष्टी ऑपरेटरला टंकू देण्यापेक्षा यादीतून निवडायला लावणे हा खरा इलाज आहे.

टक्केवारी काढतानाही एकदा थांबावे. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक कापला जातो. तीन भागिले चार शून्य येते. मायएसक्यूएलमध्ये तेच पाऊण येते. क्वेरी एका डेटाबेसमधून दुसऱ्यात नेली आणि सगळ्या टक्केवाऱ्या शून्य किंवा शंभर दिसू लागल्या, तर कारण हेच.

चूक जितकी उगमाजवळ पकडावी तितकी स्वस्त पडते, याचा फार मोठा नमुना सारंगखेड्याच्याच तालुक्यात आहे. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. या बारा अंकी क्रमांकातला शेवटचा अंक ओळखीचा नसून पहाऱ्याचा आहे. आधीच्या अकरा अंकांवरून तो एका ठरावीक पद्धतीने निघतो. याकोबस व्हर्हूफ या डच गणितज्ञाची ही पद्धत १९६९ ची. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर शेवटचा अंक जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते. सर्व्हरला विचारण्याची गरजही लागत नाही. आधारच्या रकान्यावर ही तपासणी लावली नसेल तर ती लावून घेणे हे आजच्या आज करण्यासारखे काम आहे. अर्थात क्रमांक नियमात बसतो एवढेच यातून कळते. तो समोरच्याच माणसाचा आहे का, हे त्यातून कळत नाही.

हा दुसरा प्रश्न किती महाग पडू शकतो, ते महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिले. त्या वर्षी जूनमध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाखापर्यंतचे कर्ज माफ होणार होते. ८९ लाख शेतकरी आणि ३४,०२२ कोटी रुपये, असा अंदाज सांगितला गेला. अर्ज ऑनलाइन भरून घेतले, बँकांकडून कर्जखात्यांची माहिती मागवली आणि दोन्ही एकमेकांशी ताडून याद्या केल्या. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रे वाटली गेली. पाठोपाठ याद्यांमधल्या चुका बाहेर आल्या. एकाच आधार क्रमांकासमोर अनेक शेतकऱ्यांची नावे असल्याच्या तक्रारी बँकांकडूनच झाल्या आणि पैसे जमा होणे लांबले. आधार क्रमांकावर गट करून एकापेक्षा जास्त वेळा आलेले क्रमांक काढणे ही तीन ओळींची क्वेरी आहे. यादी जाहीर होण्याआधी ती चालवली की गोंधळ कार्यालयातच राहतो. नंतर चालवली, तर तो शेतकऱ्याच्या दारात जातो.

अशा दुबार नोंदींमागे कधीकधी निव्वळ तांत्रिक कारण असते, तेही माहीत असावे. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच सांभाळते. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून उघडला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि शेवटचाच अंक वेगळा असलेली दहा खाती एकच दिसू लागतात. खाते क्रमांक, आधार, पिन कोड, मोबाइल यांची कुणी कधी बेरीज करत नाही. ते मजकूर म्हणूनच साठवावेत. मर्यादा न ओळखल्याचा फटका मोठमोठ्यांना बसतो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या अहवालातून कोविडचे १५,८४१ रुग्ण गळाले. माहिती एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये ओतली जात होती आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. किती ओळी पाठवल्या आणि किती पोहोचल्या, ही एक तुलना रोज झाली असती तर पहिल्याच दिवशी कळले असते.

महाराष्ट्रात पुढची कर्जमाफी, महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली. तिची पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी लागली, ती फक्त निवडक ६८ गावांची होती, १५,३५८ कर्जखात्यांची. शेतकऱ्याने यादीतली रक्कम पाहायची, अंगठा लावून मान्य करायची, पटली नाही तर तक्रार करायची. मोठी यादी त्यानंतर. लाखो नोंदींवर क्वेरी चालवण्याआधी ती मोजक्या नोंदींवर चालवणे आणि ते उत्तर ज्याच्या पदरात पडणार त्यालाच दाखवणे, ही पद्धत कोणत्याही कार्यालयाने जशीच्या तशी उचलावी. याउलट पैसे गेल्यावर पडताळणी झाली की काय होते, तेही राज्याने पाहिले आहे. लाडकी बहीण योजनेत माहिती तंत्रज्ञान विभागाने इतर विभागांच्या माहितीशी ताळा घातल्यावर सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचे दिसले, असे महिला व बालविकासमंत्र्यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितले. तोवर योजनेला वर्ष झाले होते.

लहान कार्यालयात यासाठी वेगळा विभाग नसतो, सॉफ्टवेअरला पैसेही नसतात. एकच मुलगा किंवा मुलगी एन्ट्रीपासून अहवालापर्यंत सगळे पाहत असते. त्यांनी निदान एवढे करावे. अहवालाला हात घालण्याआधी कागदावर अंदाज लिहून ठेवावा: नोंदी साधारण किती असाव्यात, सर्वांत मोठी रक्कम किती असू शकते, गेल्या वर्षी काय होते. उत्तर आल्यावर अंदाज लिहिला, तर मन उत्तराकडेच झुकते. मग पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींतून डोळे मिटून दहा पावत्या काढाव्यात आणि त्या टेबलात सापडतात का पाहावे. तितक्याच नोंदी टेबलातून काढून त्यांच्या पावत्या शोधाव्यात. दोन्ही बाजूंनी पाहणे महत्त्वाचे, कारण पहिल्या तपासणीत गळालेले सापडते आणि दुसऱ्या तपासणीत जास्तीचे. रोजकीर्दीची बेरीज हाताने लिहिली जात असेल, तर ती बंद करू नये. संगणकाशी ताळा घालायला तिच्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही.

ज्या चुका एकदा सापडल्या, त्यांच्या तपासणीच्या क्वेरी फाइलमध्ये जपून ठेवाव्यात आणि प्रत्येक अहवालाआधी चालवाव्यात. शक्य असेल तिथे नियम टेबलावरच लावावा, म्हणजे किंमत शून्याहून जास्तच हवी, एका घोड्याचा क्रमांक दुसऱ्यांदा येता कामा नये, पावतीला विक्रीची नोंद असलीच पाहिजे. असा नियम लावला की चुकीची नोंद आतच येत नाही. ऑपरेटर कुरकुर करतो, कारण त्याचे काम अडते. पण त्या क्षणी पावती त्याच्या हातात असते आणि विकणारा समोर उभा असतो. दुरुस्तीला याहून चांगली वेळ पुन्हा मिळत नाही.

आणि अहवालाचा अंतिम कागद ज्यांच्या टेबलावर जातो, त्या अधिकाऱ्यांना, सचिवांना, संचालकांना एक विनंती. सही करण्याआधी अहवालाखाली चार आकडे मागा: मूळ नोंदी किती, अहवालात धरलेल्या किती, वगळलेल्या किती आणि का, आणि रिकाम्या राहिलेल्या किती. हे चार आकडे ज्या अहवालाखाली नसतील तो परत पाठवा, आणि ते तयार करायला लागणारा एक दिवस तुमच्या माणसाला द्या.